जर्मनीत नव्याने आलेल्या खान्देशी मंडळींसाठी: रेल्वेचे तिकीट स्वस्तात कसे काढावे

मी अमळनेरची. 2012 साली स्टुटगार्टला आले, तेव्हापासून इथेच आहे. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर लागला की जळगाव, धुळे, शिरपूर, शहाद्याकडून शिकायला आलेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात आणि त्यातले निम्मे रेल्वेच्या तिकिटाबद्दल असतात. "ताई, परवा वीस युरो दाखवत होतं, आज सत्तर दाखवतंय. ॲप बिघडलं का?" ॲप बिघडलेले नसते. भाडे खरोखरच वाढलेले असते. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळे लिहून ठेवते.

आपल्याकडे आरक्षण म्हणजे जागेची धडपड. नवजीवन एक्सप्रेसचे स्लीपरचे तिकीट साठ दिवस आधी काढा की आठ दिवस आधी, भाडे तेवढेच. घाई असते ती बर्थसाठी. मी इथून कुठेही निघाले की आईचा अजूनही पहिला प्रश्न असतो, "गाडीमा जागा भेटनी का?" इथे तिकीट वेगळे आणि जागा वेगळी. तिकीट सहसा संपत नाही, गाडी सुटायच्या दहा मिनिटे आधीही मिळते. संपतात ती स्वस्त तिकिटे. प्रत्येक गाडीत ती ठरावीकच असतात. ती गेली की पुढची पायरी महाग, मग त्याहून महाग, आणि शेवटी उरते ते पूर्ण भाड्याचे तिकीट, ज्याला फ्लेक्सप्राइस म्हणतात. म्हणून इथे लवकर काढायचे ते पैसे वाचवण्यासाठी. जागा हवी असेल तर पाच-साडेपाच युरो भरून ती वेगळी राखावी लागते. एकटे असाल आणि दुपारची गाडी असेल तर राखू नका, बसायला मिळते. शुक्रवारची संध्याकाळ, रविवारची संध्याकाळ किंवा नाताळचा आठवडा असेल, किंवा सोबत आईवडील असतील, तर मात्र न विचारता राखा. राखीव जागेवर कोणी बसलेले असेल तर तिकीट दाखवा, माणूस मुकाट्याने उठतो. गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत तुम्ही जागेवर गेला नाहीत, तर तिच्यावर दुसरा बसू शकतो.

स्वस्त तिकिटांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. सुपर श्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, वीस युरोच्या आत सुरू होते, पण रद्द करता येत नाही. श्पारप्राइस थोडे महाग, पण आदल्या दिवसापर्यंत काही रक्कम कापून रद्द करता येते. परीक्षेची किंवा मुलाखतीची तारीख हलण्याची शक्यता असेल तर चार युरो जास्त गेले तरी दुसरे घ्या.

आता जे सांगते ते नीट वाचा, बाकीचे विसरलात तरी चालेल. ही दोन्ही तिकिटे तुम्ही निवडलेल्या गाडीलाच बांधलेली असतात. जर्मन लोक याला त्सुगबिंडुंग म्हणतात. 10:51 च्या आयसीईचे, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीचे, तिकीट असेल तर 9:51 च्या आयसीईत ते चालत नाही, मार्ग तोच असला तरी, गाडी रिकामी असली तरी.

हे मी पैसे मोजून शिकले. 2013 च्या डिसेंबरात आम्ही दोघे हॅनोवरला नणंदेकडे निघालो होतो. तिकिटे नोव्हेंबरातच काढली होती, माणशी 29 युरो, आणि त्याचा मला फार आनंद होता. घरच्या सवयीने स्टेशनवर तासभर आधी पोचलो. थंडी कडाक्याची होती. फलाटावर हॅनोवरला जाणारीच गाडी उभी होती आणि डब्यात माणसे तुरळक. मीच यांना म्हटले, "चला, हिच्यातच बसू, तासभर कुडकुडायचं कशाला?" पुढच्या स्टेशनानंतर तपासनीस बाई आल्या. तिकीट पाहिले, घड्याळ पाहिले आणि शांतपणे सांगितले की हे तिकीट या गाडीचे नाही. आवाज चढवला नाही, पण सवलतही दिली नाही. दोघांची पूर्ण भाड्याची नवी तिकिटे घ्यावी लागली, अडीचशे युरोंच्या आसपास. तेव्हा घरात एकच पगार होता आणि एवढ्यात आमचा महिन्याचा किराणा होत असे. हॅनोवरपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. डब्यात दशम्या आणि ठेचा होता, तो तसाच नणंदेकडे गेला. चूक माझीच होती, तिकिटावर सगळे छापलेले होते. मला जर्मन येत नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नाही.

मागच्या हिवाळ्यात शिरपूरच्या एका मुलाने हेच केले, जरा वेगळ्या तऱ्हेने. मानहाइमला गाडी बदलायची होती, पहिली गाडी वेळेवर पोचली, म्हणून तो त्याच्या पुढच्या गाडीची वाट न पाहता आधीच्या आयसीईत चढला. पोरांनो, लवकर पोचलात तर कॉफी प्या, फलाटावर फेऱ्या मारा, घरी फोन करा. गाडीत चढू नका.

उलट बाजूही सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. रेल्वेच्या उशिरामुळे तुम्ही मुक्कामी वीस मिनिटे किंवा जास्त उशिरा पोचणार असाल, तर ते बंधन सुटते. मग दुसऱ्या आयसीईनेही जाता येते. ॲपमध्ये तसे लिहून येते, त्याचा फोटो काढून ठेवा. मुक्कामी पोचायला एक तास उशीर झाला तर तिकिटाचे 25 टक्के आणि दोन तास झाला तर 50 टक्के परत मिळतात. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो, तो ऑनलाइनही करता येतो. फक्त भरपाई चार युरोंपेक्षा कमी होत असेल तर देत नाहीत. इथल्या गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात असे ऐकून येऊ नका. उशीर रोजचा आहे. आपली मुले लाजतात, "जाऊ दे ताई, दहा युरोंसाठी कोण अर्ज करणार" म्हणतात. जर्मन माणूस करतो. तुम्हीही करा, तो तुमचा हक्क आहे.

उशिराचा विचार तिकीट काढतानाच करायला हवा. ॲप सहा-सात मिनिटांत गाडी बदलायला सांगते, कारण कागदावर ते जमते. गाडी बदलायचा वेळ तुम्हाला वाढवता येतो, निदान वीस-पंचवीस मिनिटे ठेवा. आणि पूर्ण प्रवासाचे तिकीट सलग एकच काढा. तुकडे करून दोन तिकिटे काढलीत आणि पहिली गाडी रखडली, तर दुसरे तिकीट वाया गेले असे समजा, कोणी जबाबदारी घेत नाही. महिन्याच्या पासवर पहिला टप्पा आणि पुढे स्वस्त तिकीट, असे करणाऱ्यांनाही हेच लागू.

पासवरून आठवले, डॉइचलांडटिकेट. 2023 च्या मे महिन्यात ते 49 युरोंना सुरू झाले, 2025 मध्ये 58 झाले आणि 2026 च्या जानेवारीपासून 63 आहे. महिनाभर देशभरच्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत ते विद्यार्थ्यांना सवलतीत मिळते, आधी तिथे विचारा. बंद करायचे असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावे लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात. ते नावावर असते. आपल्यातलेच काही जुने लोक "माझ्या तिकिटाचा स्क्रीनशॉट घे, कोण पाहतंय" असा सल्ला देतात. त्यांचे ऐकू नका. पाहतात, ओळखपत्रासकट पाहतात. विनातिकीट सापडलात तर 60 युरो दंड ठरलेला, आणि नवीन देशात पहिल्याच महिन्यात मान खाली घालून उभे राहण्याचा प्रसंग ओढवतो, तो वेगळाच.

वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास होणार असतील तर बानकार्ड 25 घ्या. स्वस्त तिकिटांवरही त्याची 25 टक्के सूट मिळते. बानकार्ड 50 ची निम्मी सूट फक्त पूर्ण भाड्यावर आहे, स्वस्त तिकिटांवर तेही 25 टक्केच देते, म्हणून आधीपासून ठरवून फिरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. वय 27 च्या आत असेल तर कार्डच कमी किमतीत मिळते. मुदत संपली की ते आपोआप पुढे वाढते, म्हणून घेतल्या दिवशीच ते बंद करण्याचे कळवून ठेवा. मुदत संपेपर्यंत कार्ड तरीही चालते.

आपल्यापैकी बरेच जण तिकीट तुलनेच्या साइटवरून काढतात. ती साइट किंमत पाहण्यापुरती ठीक, पण तिकीट डॉइचे बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, स्वतःच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपवरूनच काढा. उशिराचे अर्ज, बदल, सगळे एका ठिकाणी राहते. मंगळवार, बुधवार आणि शनिवारी दुपारनंतर निघणाऱ्या गाड्यांचे भाडे बहुधा उतरलेले असते. प्रागला जायचे असेल तर चेक रेल्वेच्या साइटवरही एकदा पाहा.

भारतात जाताना विमानतळापर्यंत गाडीला बांधलेले स्वस्त तिकीट काढू नका. विमानाच्या तिकिटासोबत रेल अँड फ्लाय मिळत असेल तर ते घ्या, कोणतीही गाडी पकडता येते. नसेल तर निदान तीन-चार तास हाताशी ठेवून निघा.

मुलांचे सोपे आहे. सहा वर्षांखालच्याला तिकीट लागत नाही. सहा ते चौदा वयाची मुले आईबाबांसोबत फुकट, फक्त तिकीट काढतानाच त्यांची संख्या भरावी लागते. नंतर भरता येत नाही.

आता आपल्या कानबाईच्या उत्सवाचे. आम्ही खान्देशातली काही घरे दर श्रावणात फ्रँकफर्टजवळ एकत्र येतो, म्युनिक आणि बर्लिनहूनही लोक येतात. नागपंचमीनंतरचा रविवार बहुधा इथल्या शाळांच्या सुट्टीत येतो आणि गाड्या भरून जातात. तारीख पंचांगात वर्षभर आधी कळते, तिकिटेही सहा महिन्यांहून आधी खुली होतात, मग जुलैपर्यंत थांबायचे कारण नाही. मार्च-एप्रिलमध्ये काढून टाका. येताना शनिवारी दुपारची गाडी घ्या. कानबाई रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी तिचे विसर्जन असते, म्हणून परतीचे तिकीट सोमवारी दुपारी दोननंतरचे पाहा. रविवार संध्याकाळपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते, आणि प्रसादाचे रोट खाऊन निघता येते.