दिलेली अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधावेत

हातात सात इंग्रजी अक्षरं आहेत आणि त्यांतून शब्द काढायचा आहे. स्क्रॅबल असो, शब्दकोडं असो की मुलांसाठी स्पेलिंगचा सराव तयार करणं असो, बहुतेकजण लगेच अक्षरं मनातल्या मनात उलटीपालटी करायला लागतात. पण सात वेगवेगळ्या अक्षरांच्या मांडण्या ५०४० होतात. त्या एकेक करून तपासणं कुणालाच जमणार नाही, आणि तशी गरजही नाही.

आधी आपल्याला नेमकं काय हवं आहे ते ठरवा. ‘ही अक्षरं असलेला शब्द’ या एकाच वाक्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. फक्त हीच अक्षरं वापरून शब्द करायचा आहे का? की ही अक्षरं शब्दात कुठेही असली आणि सोबत इतर अक्षरं आली तरी चालेल? की ती ओळीने, एकमेकांना चिकटूनच यायला हवीत? की त्यांच्या जागाही ठरलेल्या आहेत? बी, ए, सी, के ही अक्षरं घ्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘बॅक’. दुसऱ्याला ‘ब्लॅक’ही चालेल. तिसऱ्याला ‘ब्लॅक’ चालणार नाही, कारण मध्ये एल घुसला आहे. ‘फीडबॅक’ मात्र चालेल. प्रश्न चुकला तर पुढची सगळी शोधाशोध वाया जाते, म्हणून या पायरीवर मिनिटभर जास्त गेलं तरी हरकत नाही.

कागद-पेन्सिलीने शोधताना

अक्षरं सरळ ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा तोच क्रम पुन्हा पुन्हा वाचतो. गोलात सुरुवात कुठून करायची हे ठरलेलं नसल्यामुळे नव्या जोड्या दिसायला लागतात.

मग शब्दाची टोकं बाजूला काढा. इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरावीक तुकडे वारंवार येतात. सुरुवातीला आर-ई, यू-एन, आय-एन. शेवटी एस, ई-डी, ई-आर, आय-एन-जी, टी-आय-ओ-एन. यांतला एखादा तुकडा आपल्या अक्षरांत आहे का ते बघायचं, तो वेगळा ठेवायचा आणि उरलेल्या अक्षरांवरच विचार करायचा.

हे करून बघू. अक्षरं घेऊ ए, ई, आय, एन, आर, एस, टी. शेवटचा एस बाजूला ठेवला तर ए, ई, आय, एन, आर, टी उरतात. त्यांतून ‘रिटेन’ होतो आणि ‘रेटिना’ही होतो. दोघांना एस परत जोडला की सात अक्षरी शब्द तयार. आता एस परत घेऊन शेवटी ई-आर ठेवू. उरले ए, आय, एन, एस, टी, म्हणजे ‘स्टेन’. त्याला ई-आर लावला की ‘स्टेनर’. शेवटी आय-ई-आर ठेवला तर ए, एन, एस, टी उरतात आणि ‘नॅस्टिअर’ सापडतो. चारही शब्द त्याच सात अक्षरांचे, आणि प्रत्येक वेळी आपण जेमतेम चार-सहा अक्षरांशीच झगडलो. ही एक सवय लागली तरी शोध कितीतरी सोपा होतो.

टोकं जुळली नाहीत तर जोड्या धरा. सी-एच, एस-एच, टी-एच, सी-के, पी-एच ही व्यंजनं इंग्रजीत सतत एकत्र येतात. क्यू आला की त्याच्यामागे यू जवळजवळ ठरलेलाच. ‘क्यू-आय’ हा दोन अक्षरी शब्द त्याला अपवाद आहे आणि स्क्रॅबलमध्ये तो चालतो. स्वर नसतील तर वाय शोधा. ‘रिदम’ या शब्दात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही, सगळा भार वायवर आहे.

दुर्मिळ अक्षरापासून सुरुवात करा

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात, म्हणजे सोबत इतर अक्षरं चालणार असतील तेव्हा, ही युक्ती फार कामाची आहे. इंग्रजीत सगळी अक्षरं सारखी वापरात नाहीत. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई १२ वेळा येतो, ए आणि आय ९-९ वेळा, तर क्यू, झेड, जे, एक्स आणि के एकेकदाच. म्हणून ई, यू, क्यू, झेड असलेला शब्द हवा असेल तर ईपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. क्यू आणि झेड दोन्ही असलेले शब्द आठवा: क्विझ, क्वार्ट्झ, स्क्वीझ. त्यांत ई फक्त ‘स्क्वीझ’मध्ये आहे. झालं काम.

संगणकाची मदत

जागा ठरलेल्या असतील तर चिन्हं वापरून शोधणं सर्वांत सोयीचं. ‘वनलूक’ या ऑनलाइन कोशात प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि तारांकन म्हणजे कितीही अक्षरं. पाच अक्षरी शब्द हवा, दुसरं अक्षर आर आणि शेवटचं ई, तर प्रश्नचिन्ह, आर, दोन प्रश्नचिन्हं, ई असं टाइप करा. आलेल्या यादीतून ए असलेले शब्द वेचा: क्रेन, ग्रेप, ब्रेव्ह, ट्रेड. ओ-यू-जी-एच ही अक्षरं सलग हवी असतील तर त्यांच्या दोन्ही बाजूंना तारांकन द्या. एनफ, थ्रू, कॉफ, बॉट सगळे एकाच फटक्यात मिळतात, उच्चार कितीही वेगळे असले तरी.

शब्दांची यादी स्प्रेडशीटमध्ये असेल तर फिल्टरमधली ‘हे अक्षर असलेले’ ही अट एकेका अक्षरासाठी लावत जा. एकच अक्षर दोनदा हवं असेल तर साधी अट पुरत नाही. तारांकन, ई, तारांकन, ई, तारांकन असा साचा द्यावा लागतो. हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि एक ई असलेले शब्दही यादीत शिरतात.

फक्त तीच अक्षरं, सगळीच्या सगळी वापरायची असतील तर प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून शेजारच्या रकान्यात ठेवा. ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एनलिस्ट’, ‘टिन्सेल’ या चौघांचाही ई-आय-एल-एन-एस-टी असाच क्रम येतो. आपली अक्षरंही तशीच लावायची आणि तो क्रम जुळणारे शब्द उचलायचे, मांडण्या करून बघायची गरजच उरत नाही.

यादी कुठली आहे हे मात्र तपासा. मॅक संगणकासोबत येणारी शब्दयादी १९३४ च्या वेब्स्टर कोशावर आधारलेली आहे. तिच्यात जुनेपुराणे शब्द भरपूर आहेत, पण अनेकवचनं आणि क्रियापदांची बदललेली रूपं बहुतेक नाहीत. वर एस जोडून केलेला ‘रिटेन्स’ तिथे मिळाला नाही तर शब्द चुकला असं समजू नका. खेळासाठी शोधत असाल तर त्या खेळाचीच यादी प्रमाण माना: उत्तर अमेरिकेतलं स्क्रॅबल वेगळी यादी वापरतं, इतर बहुतेक ठिकाणी कॉलिन्स या कोश-प्रकाशकाची चालते, आणि एका यादीतला शब्द दुसरीत असेलच असं नाही.