चिकनमध्ये पालक-चीज भरताना पालक घट्ट पिळा

सांगलीत चिकनवाल्याला नुसतं 'बोनलेस द्या' म्हटलं की तो सवयीने तुकडे करायला घेतो. भरायचं असेल तर 'ब्रेस्ट अख्खा ठेवा' असं आधीच सांगा. घरी जाड बाजूने सुरी आडवी घालून खिसा करा. बाकीच्या तिन्ही कडा बोटभर शाबूत राहू द्या, नाहीतर चीज ट्रेमध्ये वाहून जातं.

खरी मेख पालकात आहे. लसणावर परता, पूर्ण गार होऊ द्या आणि हिरवं पाणी गळायचं थांबेपर्यंत मुठीत घट्ट पिळा. ते पाणी आत राहिलं की चिकन भाजत नाही, उकडतं. मूठभर मेथी घातलीत तर फारच छान! मीठ बेतानं, चीज खारट असतंच.

पालक-चीजचं सारण खिशात भरा, टूथपिकने तोंड बंद करून वरून तेल, हळद, तिखट चोळा. २०० अंश सेल्सिअसला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये साधारण २५ मिनिटं. थर्मामीटर असेल तर मांसाच्या जाड भागात आणि सारणातही ७४ अंश दिसायला हवेत. पाच मिनिटं थांबून मगच कापा. मुलांना वाढण्याआधी टूथपिक सगळ्या निघाल्यात ना, ते बघा.