हेल्पलाइनवर नव्याने बसताय? मग या चुका टाळा

नवीन स्वयंसेविकांची सगळ्यात मोठी चूक फोन घेताना होत नाही, परत लावताना होते.

बोलता बोलता लाइन तुटली. आमच्या नव्या मुलीने लगेच तोच नंबर लावला. पलीकडे पुरुषाचा आवाज. ही म्हणाली, "महिला हेल्पलाइनवरून बोलतेय, ताईंना द्या ना." पुढे बारा दिवस तो नंबर बंद. तेराव्या दिवशी त्या बाईंनी शेजारणीच्या फोनवरून सांगितलं, "माझा मोबाइल काढून घेतलाय. तुम्ही परत फोन करू नका." त्या बारा दिवसांत त्या घरात काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हापासून मी नावगावही नंतर विचारते. आधी एकच: "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का? लाइन तुटली तर आम्ही लावायचा की तुम्हीच लावाल?" उत्तर रजिस्टरच्या त्या पानावर लाल पेनने, अगदी वर. "मीच लावीन" म्हणाल्या की विषय संपला, कितीही जीव तुटला तरी आपण लावायचा नाही. फोन ठेवताना आपला नंबर कॉल लिस्टमधून काढून टाकायलाही सांगते.

दुसरी चूक घराबाबतची. "घर सासऱ्यांच्या नावावर आहे? मग काही करता येणार नाही." हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण ते ऐकून बाई खरोखर पिशवी भरते. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याचं कलम 17 वाचा. ती नांदत होती त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मालकी कोणाचीही असो, आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी हा हक्क लागू होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीश आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं. पण उत्साहाच्या भरात "अर्धं घर तुमचंच" असंही सांगू नका. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही.

कलमांचे आकडे तोंडावर फेकू नका. सांगायचेच तर नीट सांगा: 1 जुलै 2024 पासूनच्या छळाला जुन्या भारतीय दंड संहितेचं 498अ नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम 85 लागतं. त्याआधीच्या घटनेला जुनंच.

"हद्द आमची नाही" म्हणून पोलिसांनी परत पाठवलं असेल, तर झिरो एफआयआर सांगा, म्हणजे हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार.

वकिलासाठी तिचं उत्पन्न विचारत बसू नका. मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या, मोफत कायदेशीर मदतीचा 15100 हा नंबर द्या.

"केस टाकाच" नको आणि "जरा सांभाळून घ्या" तर नकोच नको. पहिल्याच आठवड्यात संसार जोडायला किंवा मोडायला निघालेल्यांना मी महिनाभर नुसतं शेजारी बसून ऐकायला लावते.

आणि मागून मारहाणीचा आवाज येत असेल, तर माहिती सांगणं तिथेच थांबवा. पत्ता घ्या आणि दुसऱ्या फोनवरून 112 लावा.