डीप स्पेस नाइनवर परत जाताना

केबलवर 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' बघत वाढला असाल, तर त्या मालिकेतलं अंतराळ स्थानक 'स्टार ट्रेक ऑनलाइन' या ऑनलाइन व्हिडिओ गेममध्ये उभं आहे. खेळ फुकट आहे. 2018 मध्ये खेळाचा 'व्हिक्टरी इज लाइफ' हा नवा विस्तार आला तेव्हा स्थानक नव्याने घडवलं गेलं आणि मालिकेतल्या अनेक कलाकारांनी पुन्हा आवाज दिले.

डाउनलोड रात्री लावा. पुण्यात गुरुवारी मात्र नको, दुरुस्तीसाठी लाइट जाते. खेळाचा सुरुवातीचा सराव पूर्ण केल्याशिवाय कुठे जाता येत नाही, तो आधी उरकून टाका.

स्थानकात शिरण्यापूर्वी मालिकेचा एखादा भाग पुन्हा बघा. आत गेल्यावर मोहिमा घेऊ नका, चॅटची खिडकी लहान करा, हेडफोन लावा. पळायचं नाही. सेटिंगमध्ये चालण्यासाठी वेगळी कळ नेमता येते, ती नेमा आणि प्रॉमेनेडवरून, म्हणजे स्थानकातल्या दुकानांच्या मुख्य रस्त्यावरून, सावकाश फेरी मारा, लक्ष्मी रोडवर काही घ्यायचं नसताना मारतो तशी. मालिकेतल्या क्वार्कच्या बारमध्ये डाबो या जुगाराचं टेबल आहे, एक डाव खेळाच. मग वरच्या मजल्यावर जा. मालिकेतले जेक आणि नॉग हे दोघे मित्र पाय खाली सोडून बसायचे, तो हाच कठडा. तिथे थांबून खालची गर्दी बघा. माझे डोळे इथेच भरून आले.

सोबत मालिका पाहिलेल्या भावाला किंवा बहिणीलाही त्याच वेळी लॉगिन करायला सांगा.