सरावाचं व्हर्च्युअल मशीन लावताय? आधी नेटवर्कचा खाना बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत मी दोन वर्षं राहिलो. खाली घरमालक काकांचं हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही तीन पोरं. वायफाय वरपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून काकांनी स्वतःच्या खर्चानं खालच्या राउटरमधून एक लॅनची केबल खिडकीतून वर आणून दिली होती. त्या केबलवर मी सिक्युरिटी टेस्टिंगचा सराव सुरू केला आणि तिच्यावरूनच एका रात्री काकांच्या दुकानाचे कॅमेरे बंद पाडले. मुद्दाम नाही. पण कॅमेरे बंद पडले ते पडलेच.

हे लिहितोय ते तुमच्यापैकी कुणाच्या हातून असं होऊ नये म्हणून. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, आणि काली लिनक्स ही सिक्युरिटी तपासायच्या टूल्सची सिस्टीम, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

लॅपटॉपचं आधी उरकून घेऊ. ८ जीबी रॅम असेल तर काम भागतं. कालीला २ जीबी, समोरच्या कच्च्या मशीनला, म्हणजे ज्याच्यावर हल्ल्याचा सराव करायचा त्याला, ५१२ एमबी पुरतात, बाकीची विंडोजला. ४ जीबीवर दोन मशीन एकदम चालवायचा हट्ट करू नका, मी सहा महिने केला आणि शिकण्यापेक्षा वाट बघण्यातच जास्त वेळ गेला. तसा लॅपटॉप असेल तर पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी ब्राउझरमध्येच चालते आणि फुकट आहे; तिथून सुरुवात करा, काही बिघडत नाही. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअल मशीनला लागणारी सोय, इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम, चालू आहे का बघा. सगळं चालू असूनही मशीन गोगलगायीसारखं सरकत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या (व्हर्च्युअल मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का ते बघा. कासव दिसलं म्हणजे विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, आडवं येतंय. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी हे त्याचं नेहमीचं कारण. सरावापुरती ती बंद करता येते, पण काय बंद करतोय ते समजून करा आणि काम झालं की परत चालू करा.

काली त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, व्हर्च्युअलबॉक्ससाठी तयार केलेली इमेज तिथं मिळते. टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणी 'सगळी टूल्स भरलेली काली' देत असेल तर घेऊ नका. ज्या मशीनवरून तुम्ही सुरक्षितता तपासणार, तेच कुणाच्या हातचं आहे हे माहीत नसेल तर पुढच्या शिक्षणाला अर्थ काय? उतरवलेल्या फाइलचा एसएचए२५६ (फाइलची ओळख-संख्या) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'kali', ते आल्या आल्या बदला. आणि विंडोज पुसून थेट कालीच टाकायची घाई नको. रोजचा अभ्यास, बँकेचं काम, घरचे फोटो हे सगळं सरावाच्या मशीनपासून लांब राहिलेलं बरं.

समोरचं कच्चं मशीन म्हणून मी मेटास्प्लॉइटेबल २ घेतलं. रॅपिड७नं २०१२ साली काढलेलं, मुद्दाम भोकं ठेवलेलं उबुंटू ८.०४. आज जुनं वाटेल, पण पाया शिकायला अजूनही चांगलं आहे. त्यात तयार डिस्क येते. नवीन मशीन करताना नवी डिस्क बनवू नका, असलेली डिस्क वापरा हा पर्याय निवडा.

आता माझी चूक.

मी जो व्हिडिओ बघत होतो त्यातला मुलगा म्हणाला, नेटवर्कमध्ये 'ब्रिज्ड अडॅप्टर' करा म्हणजे दोन्ही मशीन एकमेकांना दिसतील. मी केलं. दिसली. व्हिडिओत त्यापुढचं वाक्य नव्हतं, ते मी इथं लिहितो. ब्रिज्ड म्हणजे तुमचं व्हर्च्युअल मशीन तुमच्या लॅपटॉपच्या आत राहत नाही, ते त्या घराच्या नेटवर्कवर स्वतंत्र कॉम्प्युटर म्हणून जाऊन बसतं. राउटर त्याला स्वतःचा पत्ता देतो, जसा तो काकांच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला, मुलीच्या मोबाइलला आणि कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) देतो. सगळे एकाच ओळीत.

पहिल्या संध्याकाळी मेटास्प्लॉइटेबलला १९२.१६८.१.१४ मिळाला. मी तो वहीत लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पावसात लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला आणि त्यानं सगळ्यांना नव्यानं पत्ते वाटले. रात्री मी दोन्ही मशीन चालू केली, वही उघडली आणि १४ टाइप केला. स्कॅनमध्ये २३ नंबरचा पोर्ट (मशीनमध्ये शिरायचं क्रमांकाचं दार) उघडा दिसला, टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करायचा जुना रस्ता. मेटास्प्लॉइटेबलवरही टेलनेट उघडा असतो, त्यामुळे मला शंकाच आली नाही. सगळे पोर्ट, पूर्ण वेगानं स्कॅन लावला आणि मग हायड्रा या पासवर्ड अंदाजानं टाकून बघणाऱ्या टूलनं पासवर्डांची यादी त्यावर सोडली. थोड्या वेळानं उत्तर येणं बंद झालं. मला वाटलं आपलं मशीन अडकलं. मी झोपलो.

सकाळी काका वर आले. "कॅमेरं बंद पडल्यात बघ. रातीपासनं कायबी रेकॉर्डिंग न्हाई. तुमच्या खोलीत नेट चालतंय का?"

वही आणि राउटरची यादी शेजारी ठेवून बघितली तेव्हा पोटात गोळा आला. १४ आता डीव्हीआरचा होता. तसली छोटी यंत्रं अशा माऱ्याला तयार नसतात, ती अडकून बसतात. त्या रात्री दुकानात काही झालं असतं तर पोलिसांना दाखवायला एक चित्र नसतं, आणि त्याला कारण वर झोपलेला मी. हा विचार आजही कुठल्याही स्कॅनच्या आधी माझ्या डोक्यात येतो.

मी खाली जाऊन सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तू वर बसून माझ्या दुकानात शिरलास?" मला 'नाही' म्हणता आलं नाही. कॅमेरेवाल्याचे पैसे मी दिले. काकांनी केबल काढली नाही, हे त्यांचे उपकार.

कायद्यानंही उत्तर तेच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, तो बंद पाडणं हे येतं. ते अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझा हेतू वाईट नव्हता, पण आपला हेतू काय होता हे दुसऱ्यांना पटवत बसायची वेळ स्वतःवर आणू नका. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीआधी तर नकोच.

ब्रिज्डची दुसरी बाजूही आहे आणि ती कमी सांगितली जाते. मेटास्प्लॉइटेबलच्या १५२४ पोर्टवर पासवर्ड न विचारता थेट रूटचं शेल, म्हणजे पूर्ण अधिकार असलेली कमांडची खिडकी, मिळतं. ते मशीन ब्रिज्डवर ठेवलं की त्या नेटवर्कवरचा कुणीही ते वापरू शकतो. म्हणजे कुलूप नसलेली खोली तुम्ही दुसऱ्याच्या घरात बांधून ठेवलीत.

कोल्हापुरात हे समजावणं सोपं आहे. तालमीत डाव शिकवतात ते हौद्यात, तांबड्या मातीत, आणि मातीत उतरतात ते दोघंही लढायला तयार असलेले. रस्त्यानं जाणाऱ्याला कुणी धोबीपछाड घालत नाही. व्हर्च्युअलबॉक्समधला तो हौदा म्हणजे 'होस्ट-ओन्ली' नेटवर्क.

ते असं लावा. फाइल मेनूत टूल्समध्ये नेटवर्क मॅनेजर उघडा, होस्ट-ओन्ली नेटवर्क नसेल तर तयार करा, त्याचा डीएचसीपी सर्व्हर (मशीनना पत्ते वाटणारा) चालू ठेवा. साधारणपणे त्याचे पत्ते १९२.१६८.५६ नं सुरू होतात. मेटास्प्लॉइटेबलला एकच अडॅप्टर, होस्ट-ओन्ली. दुसरा अडॅप्टर चालू करायचाच नाही, त्याला इंटरनेटची कधीच गरज नाही. कालीला दोन : पहिला एनएटी (लॅपटॉपमार्फत इंटरनेट), अपडेटसाठी, दुसरा होस्ट-ओन्ली. सराव सुरू करताना एनएटीवाल्या अडॅप्टरची 'केबल कनेक्टेड' ही खूण काढून टाका. मशीन बंद करावं लागत नाही, चालू असतानाच निघते.

आणि मग तपासा. सेटिंग बरोबर दिसतंय म्हणून पुढे जाऊ नका. मेटास्प्लॉइटेबलमध्ये एमएसएफअ‍ॅडमिननं (msfadmin, पासवर्डही तोच) लॉगिन करून त्याचा पत्ता बघा; ५६ च्या घरातला नसेल तर तिथंच थांबा. त्यातून ८.८.८.८ ला (इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला) पिंग करा, ते फेल झालंच पाहिजे. एरवी पिंग चाललं की आपल्याला आनंद होतो, इथं चाललं तर काहीतरी उघडं राहिलंय. मोबाइल घरच्या वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये मेटास्प्लॉइटेबलचा पत्ता टाका, पान उघडता कामा नये. तोच पत्ता कालीच्या ब्राउझरमध्ये मात्र उघडला पाहिजे.

शेवटी कालीतून सुडो लावून (म्हणजे रूटच्या अधिकारानं) एनमॅप या स्कॅनच्या टूलचा फक्त पिंग स्कॅन १९२.१६८.५६.०/२४ वर करा. नेहमीच्या मांडणीत चार नावं येतात. .१ म्हणजे तुमचाच लॅपटॉप. .१०० म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचा डीएचसीपी सर्व्हर. एक स्वतः काली. उरलं ते मेटास्प्लॉइटेबल. त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसची (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकाची) सुरुवात ०८:००:२७ अशी असते, व्हर्च्युअलबॉक्सच्या मशीनची ही ओळख. त्या रात्री मी एवढी एक ओळ वाचली असती तर डीव्हीआर वाचला असता. म्हणून वहीतला कालचा पत्ता कधीही वापरू नका. दर वेळी मेटास्प्लॉइटेबलच्या स्वतःच्या पडद्यावरून पत्ता वाचा, मॅक ताडा, मगच एंटर दाबा. कंटाळवाणं आहे, मान्य. तरीही करा.

होस्ट-ओन्लीत .१ म्हणजे तुमचा लॅपटॉप या मशीनना दिसतो, हे विसरू नका. कुठलं मालवेअर बघायचं असेल तर हे पुरेसं नाही. तिथं 'इंटर्नल नेटवर्क' लागतं आणि पत्ते हातानं द्यावे लागतात. पण तो विषय नवख्यांचा नाही, पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं जमलं की दोन्ही मशीनचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर त्याच स्थितीत परत येता येतं. आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, आणि डेस्कटॉपवर चालू मशीनची डिस्क एकदा बिघडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पंचेचाळीस दिवसांत हॅकर करून देतो म्हणणाऱ्या एका क्लासला मी पैसे भरले होते. तिथं पहिल्या दिवसापासून टूल चालवायला शिकवलं. हे नेटवर्क कुणाचं, परवानगी कुणाची, हे एकदाही कुणी विचारलं नाही. चांगला वस्ताद पहिले कितीतरी दिवस नुसत्या जोर-बैठका घालायला लावतो, पडायचं कसं ते शिकवतो. तुम्हाला शिकवणारा स्कॅनच्या आधी 'कुठल्या नेटवर्कवर आहेस?' असं विचारत नसेल तर तो कितीही हुशार असो, त्याच्याकडून टूल शिका, सवयी शिकू नका. असा कुणी भेटलाच नाही तरी खचू नका. मला पुढे भेटला तो एका कारखान्यात नेटवर्क सांभाळणारा साधा माणूस, ज्यानं कधी स्वतःला हॅकर म्हणवून घेतलं नाही.

तयार मॉड्यूल चालवून लगेच शेल मिळवण्याची घाईही तशीच. मेटास्प्लॉइटेबलवर व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइल पाठवण्या-घेण्याचा (एफटीपी) सर्व्हर आहे. २०११ च्या जुलैत या सर्व्हरच्या मूळ डाउनलोडमध्येच कुणीतरी मागचं दार घुसडल्याचं उघड झालं होतं. युजरनेमच्या शेवटी कोलन आणि कंस, म्हणजे हसरा चेहरा टाइप केला की ६२०० पोर्ट उघडतो. मेटास्प्लॉइट या तयार हल्ल्यांच्या टूलमध्ये हे चार ओळींत होतं. तसं करू नका. आधी टेलनेटनं २१ ला जोडा, हातानं युजर टाका, कुठलाही पासवर्ड द्या, दुसऱ्या खिडकीतून ६२०० ला नेटकॅट (पोर्टला थेट जोडणारं छोटं टूल) लावा आणि काय होतंय ते स्वतः बघा. माझी यात अख्खी संध्याकाळ गेली होती. तुमच्या दोन गेल्या तरी चालतील. ६२०० उघडत नसेल तर मेटास्प्लॉइटेबल एकदा रीस्टार्ट करा, त्याचा पत्ता पुन्हा त्याच्याच पडद्यावरून वाचा आणि मग परत २१ ला जोडा.