रेझ्युमे पाठवताय, पण फोनच येत नाही? या चुका टाळा

अर्ज करून करून थकलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो, "माझ्या रेझ्युमेत चुकतंय काय?" मी आधी उलट विचारते, गाडी अडते कुठे? चाळीस ठिकाणी अर्ज करून एकही फोन नाही, ही एक तक्रार. फोन येतो, पण इंटरव्ह्यूत स्वतःच्याच रेझ्युमेवरच्या प्रश्नाला अडखळायला होतं, ही दुसरी. दोन्हींवरचं औषध वेगळं आहे, आणि बरेच जण दोन्हींवर टेम्प्लेट बदलण्याचाच उपाय करत बसतात.

फोनच येत नसेल तर आधी बघा, रेझ्युमे वाचला तरी जातोय का. बऱ्याच कंपन्यांत अर्ज पहिल्यांदा एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते फाइलमधला मजकूर उपसून नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं. दोन कॉलम, टेबल, टेक्स्ट बॉक्स आपल्याला देखणे वाटतात. सॉफ्टवेअर मात्र कधीकधी डावीकडची आणि उजवीकडची ओळ एकत्र करून वाचतं. हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर काही ठिकाणी उचललाच जात नाही. तपासायला दोन मिनिटं पुरतात. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे खिचडी झाली असेल तर पलीकडेही बहुधा तेच होतंय. मजकूर निवडताच आला नाही, तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे. वर्डमध्ये एका कॉलमात साधा रेझ्युमे पुन्हा टाइप करा. आणि त्यावरचा नंबर बघून दुसऱ्या फोनवरून तो लावा. एक आकडा चुकलेला रेझ्युमे मी पाहिलाय. त्या मुलाला बोलवायचं ठरलं होतं.

वाचला जातोय, तरी फोन नाही? मग दुखणं बहुतेक अनुभवाच्या ओळींत असतं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लोक आपण काय केलं ते लिहीत नाहीत, आपल्या पदाची कामं लिहितात. एका मुलीच्या रेझ्युमेत ही ओळ होती:

"स्टॉकच्या नोंदी ठेवणे, अहवाल तयार करणे, टीमशी समन्वय साधणे."

गोदामात काम करणारं कुणीही हे लिहील. मी विचारलं, "नोंदी ठेवायचीस कशा?" म्हणाली, "आधी वहीत व्हायच्या. मग मी एक्सेलमध्ये शीट बनवली." "फरक काय पडला?" "महिनाअखेरची मोजणी तीन दिवस चालायची, ती एका दिवसात उरकायला लागली." आणि यातलं अवाक्षरही रेझ्युमेत नव्हतं! आम्ही ओळ बदलली:

"वहीतल्या स्टॉकच्या नोंदी एक्सेलवर आणल्या, महिनाअखेरची मोजणी तीन दिवसांवरून एका दिवसावर आली."

थोडेसेच शब्द वाढले, पण आता ती ओळ तिची स्वतःची झाली. "माझ्या कामात आकडे नसतात" असं पुष्कळांना वाटतं. किती जणांसाठी, किती वेळात, आधी काय होतं आणि नंतर काय झालं, एवढं स्वतःला विचारा. नेमका आकडा आठवत नसेल तर "सुमारे" लिहा. आकडाच नसेल तर नुसता बदल सांगा. मनाने आकडा मात्र रचू नका.

सगळीकडे एकच रेझ्युमे पाठवणं, ही पुढची चूक. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागणारं पत्र लिहिलं. समोरच्याला लढायांची काळजी होती. म्हणून लिओनार्दोने हलके पूल, तोफा, वेढ्याची साधनं आधी मांडली आणि चित्रकला अगदी शेवटी. तुम्हीही जाहिरात समोर ठेवून ओळींचा क्रम बदला. जाहिरातीत "व्हेंडर पेमेंट" म्हटलंय आणि तुमच्या जुन्या ऑफिसात त्याला "पुरवठादारांची बिलं चुकती करणं" म्हणत असतील, तर जाहिरातीतला शब्द वापरा. न केलेल्या कामांचे शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून भरायची युक्ती काही जण सांगतात. मजकूर उपसला की ती अक्षरंही उघडी पडतात.

वरची जागाही जपून वापरा. लॅडर्स या नोकऱ्यांच्या संकेतस्थळाने २०१८मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा पहिली चाळणी सरासरी ७.४ सेकंदांत उरकत होती. त्यात "मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर" वाचण्यात वेळ जायला नको. धर्म, लग्न, जन्मतारीख मागितली नसेल तर काढून टाका. कौशल्यांपुढचे तारे आणि टक्केही काढा. इंग्रजी ८० टक्के म्हणजे नेमकं काय? "ग्राहकांना इंग्रजीत ईमेल लिहिते" हे लगेच कळतं. फाइलला 'फायनल न्यू २' नको, तुमचं नाव आणि पद द्या.

आता दुसरी तक्रार, इंटरव्ह्यूत अडखळण्याची. चॅटजीपीटीकडून भाषा नीट करून घ्यायला माझी हरकत नाही. पण ते "मदत केली"चं "नेतृत्व केलं" करून टाकतं, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि मोठ्याने बोला: अडचण काय होती, मी काय केलं, पुढे काय झालं. जिथे बोलणं खुंटतं, ती ओळ तुम्ही खरंच केलंत तेवढ्यावर आणा.

नोकरीतल्या खंडाचंही तसंच. महिने गाळून नुसती वर्षं लिहिली की खंड झाकला जाईल असं वाटतं, पण वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथेच थांबते. "मार्च २०२२ ते जून २०२३: घरातल्या आजारपणामुळे खंड, याच काळात अकाउंटिंगचा कोर्स पूर्ण केला." एवढं पुरे. आजारपण कुणाचं, काय झालं होतं, हे तिथे लिहायची गरज नाही. विचारलंच तर एका वाक्यात सांगा आणि कोर्समध्ये काय शिकलात त्याकडे वळा.