रेआल दे कातोर्से : चांदीच्या जुन्या गावाला भेट देताना

मेक्सिकोच्या सान लुइस पोतोसी राज्यात, वाळवंटी पठारावरून एकदम वर चढणाऱ्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवर रेआल दे कातोर्से हे गाव वसलेले आहे. १७७० च्या दशकात येथे चांदी सापडली आणि भरभराटीच्या काळात गावाची वस्ती पंधरा हजारांच्या घरात गेली. पुढे चांदीचे भाव कोसळले, १९१० ची क्रांती झाली, खाणी बंद पडल्या आणि गाव जवळजवळ रिकामे झाले. चांदीच्या भावाच्या या घसरणीत मुंबईचाही थोडा वाटा आहे, कारण १८९३ साली मुंबई आणि कोलकाता येथील टांकसाळींनी लोकांनी आणलेल्या चांदीची नाणी पाडून देणे बंद केल्यावर जगभर चांदी आणखी स्वस्त झाली. आज गावात हजार-दीड हजार माणसे राहतात. बहुतेक प्रवासी सकाळी येऊन संध्याकाळी परततात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की किमान दोन रात्री मुक्काम करावा आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळावा.

भारतीय पारपत्रावर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असल्यास पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. टेक्सासमधील मराठी कुटुंबांना लारेडो, मोंतेर्रे, साल्तियो असा मोटारीचा मार्ग सोयीचा आहे, पण अमेरिकेतील गाडीचा विमा सीमेपलीकडे चालत नसल्याने मेक्सिकोचा विमा आणि गाडीचा तात्पुरता परवाना आधीच काढून ठेवावा. बसने जाणाऱ्यांनी सान लुइस पोतोसी शहरातून मातेवाला गाठावे. तेथून गावाकडे बस जातात. सेद्रालच्या पुढे महामार्ग सोडला की सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता दगडी फरसबंदीचा आहे. तो हळूहळूच कापावा लागतो, म्हणून हे अंतर दिवसाउजेडी पार करावे.

रस्त्याच्या शेवटी ओगार्रिओ बोगदा लागतो. १९०१ साली पूर्ण झालेला हा बोगदा दोन किलोमीटरहून थोडा अधिक लांब असून इतका अरुंद आहे की एका वेळी एकाच दिशेची वाहने सोडली जातात. दोन्ही तोंडांशी बसलेली माणसे एकमेकांना फोनवर विचारून रांग मोकळी करतात. मोठ्या बसगाड्या आत मावत नाहीत, त्यामुळे प्रवाशांना तोंडाशी उतरून लहान गाडीत बसावे लागते. सामान म्हणूनच आटोपशीर असावे. सणाच्या दिवसांत येथे तासन्‌तास थांबावे लागते.

पहिल्या दिवशी चढाचे काही ठरवू नये. उंचीमुळे धाप लागते आणि गावातील गल्ल्याही उभ्या चढाच्याच आहेत. रमतगमत टांकसाळीची जुनी इमारत पाहावी; १८६० च्या दशकात थोडाच काळ येथे नाणी पाडली गेली आणि आता तेथे सांस्कृतिक केंद्र आहे. त्यानंतर निर्दोष गर्भसंभव मातेच्या चर्चमध्ये जावे व तेथे सवडीने थांबावे. येथील संत फ्रान्सिसच्या मूर्तीला लोक लाडाने ‘पांचितो’ म्हणतात आणि नवसाला पावणारा म्हणून त्याची दूरवर ख्याती आहे. नवस फेडायला आलेल्यांनी पत्र्याच्या लहान तुकड्यांवर आपले संकट रंगवून येथे ठेवले आहे: खाटेवरचा आजारी माणूस, उलटलेली गाडी, आणि खाली हाताने लिहिलेले आभाराचे चार शब्द. खाणमालकांच्या कोणत्याही वाड्यापेक्षा या पत्र्यांतून गाव अधिक कळते, असे मला वाटते. ४ ऑक्टोबरच्या आसपास येथे लाखोंची यात्रा भरते. यात्राच पाहायची नसेल तर ते दिवस टाळलेले बरे.

दुसऱ्या दिवशी लवकर निघून बोगद्याच्या वरच्या डोंगरातील खाणवस्तीचे अवशेष पाहावेत. चालत साधारण तासाभराची वाट आहे. पडक्या भिंतींपर्यंत जाण्यास हरकत नाही, परंतु जुन्या खाणींची उभी विवरे अनेक ठिकाणी उघडीच आहेत. मुलांचा हात सोडू नये आणि कोणत्याही भुयारात वाटाड्याशिवाय शिरू नये.

पश्चिमेकडील सेर्रो केमादो या डोंगरासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. तेथे पायी किंवा घोड्यावरून जाता येते. विरारिका लोक, ज्यांना बाहेरचे लोक हुइचोल म्हणतात, या डोंगराला सूर्याचे जन्मस्थान मानतात आणि हालिस्को, नायारित, दुरांगो येथील डोंगरांतून शेकडो किलोमीटरची वारी करून या भूमीत, म्हणजे विरिकुतात, येतात. २०२५ साली युनेस्कोने या वारीमार्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. माथ्यावर दगडांची वर्तुळे आणि वाहिलेल्या वस्तू दिसतील. त्यांना हात लावू नये, वर्तुळे ओलांडू नयेत आणि विधी चालू असल्यास छायाचित्रे न काढता दूर व्हावे. पायथ्याच्या वाळवंटात उगवणारा पेयोते हा निवडुंग त्यांच्यासाठी पवित्र आहे. तो वाढायला दशकाहून अधिक काळ लागतो आणि इतरांनी तो तोडणे मेक्सिकोच्या कायद्यानुसार गुन्हा आहे. कोणी तो दाखवतो किंवा देतो म्हणाले तरी स्पष्ट नकार द्यावा. केवळ नशेसाठी येणाऱ्यांनी या वनस्पतीची फार हानी केली आहे आणि त्याचे मनापासून वाईट वाटते.

शाकाहारी मंडळींची येथे उपासमार होत नाही. मक्याच्या जाडसर भाकरीला खिसा करून त्यात सारण भरावे तशी गोर्दिता सर्वत्र मिळते. ती घेवड्याची, चीजची किंवा नोपाल निवडुंगाच्या पानांची मागावी. घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून ‘सिन मांतेका’, म्हणजे चरबीविना, असे आवर्जून सांगावे. बिझनागा निवडुंगाच्या कळ्यांची, कबुचेसची, भाजी मिळाल्यास जरूर चाखावी. रोख पेसो मातेवालातच काढून न्यावेत, कारण गावातील एटीएम यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही. रात्री उन्हाळ्यातही स्वेटर लागतो आणि हिवाळ्यात पारा शून्याजवळ जातो. खोली ठरवताना पांघरुणांची चौकशी करावी.

परतताना बोगद्याऐवजी जुन्या विलिस जीपने पश्चिमेच्या कड्यावरून एस्तासिओन कातोर्सेला उतरता येते. वाट अरुंद असून एका बाजूला खोल दरी आहे. भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे, टपावर बसण्याचा मोह टाळावा आणि खाली पोहोचल्यावर मातेवालाकडे जाणारे वाहन केव्हा मिळेल हे गाव सोडण्याआधीच विचारून घ्यावे.